६१ किलोंत स्नायू किती? अंडाशयाच्या कर्करोगाचं एक प्रकरण

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबातल्या ५६ वर्षांच्या बाईंचं हे प्रकरण आहे. उंची १५२ सेंमी. घरी केळी आणि कापूस. आजाराआधी त्या घरातल्यांच्या बरोबरीनं शेतात राबायच्या. मी रेडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे बाईंपेक्षा त्यांच्या स्कॅनशी माझी ओळख आधी झाली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजार आणि आकडे तसेच ठेवले आहेत. कॅन्सरच्या रुग्णाच्या अंगावर मांस किती उरलंय याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये असतं, पण ते आम्ही रिपोर्टमध्ये लिहीत नाही. या प्रकरणात त्या न लिहिलेल्या ओळीची किंमत किती होती हे मिलिग्रॅममध्ये मांडता येतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

दुखणं कसं कळलं

दोन-तीन महिने पोट फुगत होतं. गावात आधी गॅसच्या गोळ्या झाल्या, मग ‘वय झालं, पोट सुटतंच’ असं झालं. चार घास खाल्ले की पोट भरायचं. वजन मात्र वाढत होतं. आजाराआधी ५८ किलो असायचं, दाखल होताना ६१ भरलं. बॉडी मास इंडेक्स २६.४, म्हणजे कागदावर किंचित स्थूल बाई.

बाईंना स्वतःला मात्र काय चाललंय ते बरोबर कळत होतं. नंतर सोनोग्राफीच्या टेबलावर त्या म्हणाल्या, “पोट वाढी ऱ्हायनं नि हातपाय काडीना मायक व्हयी ग्यात.” म्हणजे पोट वाढतंय आणि हातपाय काडीसारखे झालेत. सुनेनं आणखी एक सांगितलं: परकराची नाडी पुरेना झाली, आणि बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकायला लागल्या. तपासणीच्या कागदावर यातलं काहीच आलं नव्हतं. तिथं एकच आकडा होता, ६१.

सीटीत दोन्ही अंडाशयांत गाठी, पोटाच्या पडद्यावर पसरलेला आजार, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जाड झालेलं आणि पोटात भरपूर पाणी. सीए-१२५, म्हणजे या कर्करोगात रक्तात वाढणारं प्रथिन, होतं १४८०. बायोप्सीनं हाय ग्रेड सीरस कार्सिनोमा हा अंडाशयाच्या कर्करोगाचा प्रकार पक्का केला, टप्पा तिसरा-सी. अशा पसरलेल्या आजारात आधी तीन सायकल केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया आणि उरलेल्या सायकल नंतर, हा रुळलेला मार्ग आहे. औषधंही ठरलेली: पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर तीन आठवड्यांनी.

पहिली सायकल

पहिली सायकल दुसऱ्या शहरात झाली. आदल्या दिवशी पोटातलं साडेसहा लिटर पाणी काढलं, पण डोसच्या हिशेबाला दाखल होतानाचंच वजन धरलं गेलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम जोखायची रक्ततपासणी, ०.५ होतं. घरच्यांना सांगितलं गेलं की किडनी उत्तम आहे. सगळ्यांना तेवढाच दिलासा वाटला.

सोळाव्या दिवशी बाई तापानं फणफणल्या. जळगावला आमच्याकडे आणलं तेव्हा प्लेटलेट २१,००० आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ४००. तोंड आतून सोललेलं, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. प्लेटलेट चढवल्या, अँटिबायोटिक आणि पेशी वाढवणारी इंजेक्शनं दिली. नऊ दिवस त्या पलंगावर होत्या. वाचल्या. पण दुसऱ्या सायकलचं नाव काढलं की घरात रडारड. मुलगा म्हणाला, “डॉक्टर साहेब, माय बिमारीनं नाही, औषधानंच जाईल.”

केमोत पेशी खाली येतातच. पहिल्याच सायकलला इतक्या कोसळाव्यात असं मात्र काही दिसत नव्हतं. आमच्या कॅन्सरतज्ज्ञांनी मला पहिला सीटी पुन्हा उघडायला सांगितला. यावेळी गाठींसाठी नव्हे, स्नायूंसाठी.

स्नायू मोजायचा कसा

पोटाच्या सीटीत शेकडो काप असतात. स्नायू मोजायला त्यातला एकच लागतो: कमरेच्या तिसऱ्या मणक्याचा, ज्याला आम्ही एल-३ म्हणतो. २००४ साली शेन आणि त्यांच्या न्यूयॉर्कमधल्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कमरेच्या या पातळीवरच्या एकाच कापातलं स्नायूंचं क्षेत्रफळ संपूर्ण शरीरातल्या स्नायूंच्या प्रमाणाशी चांगलं जुळतं. एल-३ च्या कापात पाठीचे उभे स्नायू, कण्याच्या दोन्ही बाजूंचे सोआस, क्वाड्रेटस लंबोरम आणि पोटाच्या भिंतीचे सगळे थर एकत्र येतात.

सीटीतल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिटमध्ये. पाणी शून्य, हवा उणे एक हजार. स्नायू साधारण उणे २९ ते अधिक १५० या पट्ट्यात येतो, चरबी त्याच्या खाली. संगणकाला हा पट्टा दिला की तो स्नायूचे ठिपके रंगवतो आणि क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये देतो. त्याला उंचीच्या वर्गानं भागलं की स्नायूंचा निर्देशांक मिळतो. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. इमेज-जे फुकट आहे, थ्रीडी स्लायसरही फुकट आहे. टोटलसेगमेंटेटरसारखी स्वयंचलित साधनंही आता फुकट मिळतात.

पण नुसतं बटण दाबून भागत नाही, आणि या बाईंच्या बाबतीत तर मुळीच भागलं नसतं. पोटातल्या पाण्याची घनता शून्य ते वीसच्या आसपास असते. म्हणजे ते पाणी संगणकाच्या लेखी स्नायूच्याच पट्ट्यात बसतं. पोटाच्या भिंतीला लागून पाणी असेल तर तो तेही स्नायू म्हणून रंगवून टाकतो. जाड झालेल्या ओमेंटमचंही तेच. मी आधी मुद्दाम आपोआप काढू दिलं तेव्हा बाईंच्या पोटाची भिंत एखाद्या पहिलवानाला शोभेल इतकी जाड आली! मग आतली कड हातानं, थर ओळखत ओळखत काढली. ज्यांना या कामात उतरायचंय त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की जलोदर असलेल्या रुग्णात स्वयंचलित आकडा डोळे झाकून घेऊ नका. चूक होते ती नेमकी स्नायू जास्त दाखवण्याच्या बाजूला, म्हणजे ज्याला धोका आहे तोच रुग्ण सुरक्षित दिसतो.

चूक व्हायची दुसरी जागा मणका मोजण्याची. काहींच्या कमरेला मणका एक कमी किंवा जास्त असतो. त्रिकास्थीपासून (कण्याच्या तळाच्या हाडापासून) वर मोजत यायचं, शंका आली तर बरगड्यांकडून खाली मोजून ताडून पाहायचं, आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंचे आडवे काटे पूर्ण दिसतील असा काप घ्यायचा. पुढच्या स्कॅनलाही तीच खूण धरायची. एवढं सांभाळलं तर सरावलेल्या दोन माणसांच्या मोजणीत दोन टक्क्यांच्या आसपासच फरक येतो.

बाईंचा आकडा आला ८४ चौ. सेंमी. निर्देशांक ३६.४.

हा आकडा कमी की जास्त?

जगभर वापरल्या जाणाऱ्या मर्यादा मुख्यतः कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या रुग्णांवरून आल्या आहेत. प्राडो आणि सहकाऱ्यांनी २००८ साली स्थूल रुग्णांसाठी स्त्रियांची मर्यादा ३८.५ आणि पुरुषांची ५२.४ सांगितली. मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली १४७३ रुग्णांवरून स्त्रियांसाठी ४१ सांगितली. पुरुषांसाठी बॉडी मास इंडेक्स २५ च्या खाली असेल तर ४३, वर असेल तर ५३. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण फुप्फुसाच्या आणि पचनमार्गाच्या कर्करोगाचे.

३६.४ दोन्ही मर्यादांच्या खाली आहे. पण मला हे पुरेसं वाटलं नाही. अल्बर्टातल्या एडमंटनच्या माणसाच्या मापानं चोपड्याच्या बाईला मोजायचं का? आपल्याकडची माणसं त्याच बॉडी मास इंडेक्सला स्नायू कमी आणि चरबी जास्त बाळगतात. शेतात राबणारी काटक बाई ठणठणीत असतानाही ४० च्या खाली असू शकेल. ३६.४ हा आजारानं झालेला ऱ्हास की त्यांची मूळ ठेवणच तशी, हे एका स्कॅनवरून सांगता येत नव्हतं.

म्हणून मुलाला विचारलं, “मायचा याआधी कधी सीटी झालाय का?” झाला होता. चौदा महिन्यांपूर्वी मुतखड्यासाठी. मार्च ते जून पारा ४५ कडे जाणाऱ्या आपल्या मुलखात मुतखड्याचे सीटी घरोघरी सापडतात. सीडी कपाटात औषधांच्या जुन्या चिठ्ठ्यांखाली होती. मुलानं दुसऱ्याच दिवशी एसटीनं पाठवली.

त्या जुन्या स्कॅनमध्ये, त्याच एल-३ ला, स्नायू १०१ चौ. सेंमी होता. निर्देशांक ४३.७.

वयानं दर वर्षाला साधारण एक टक्का स्नायू कमी होणं मी समजू शकतो. इथं चौदा महिन्यांत जवळपास १७ टक्के गेला होता. क्षेत्रफळावरून एकूण चरबीविरहित वजनाचा अंदाज काढायचं एक सूत्र कॅनडातल्याच मुर्त्झाकिस आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दिलं: क्षेत्रफळाला ०.३० नं गुणायचं आणि ६.०६ मिळवायचे. त्यानुसार ३६.४ किलोवरून ३१.३ किलो. अंदाजच आहे, पण दिशा स्पष्ट आहे. वजनकाटा तीन किलो वाढ दाखवत होता त्याच काळात शरीरानं पाच किलो ऐवज गमावला होता. काट्यावर त्याची जागा पाण्यानं भरून काढली होती.

स्नायूचा दर्जाही उतरला होता. जुन्या स्कॅनमध्ये स्नायूची सरासरी घनता ३८, नव्यात ३०. घनता घसरते तेव्हा स्नायूत चरबी शिरलेली असते. जुना स्कॅन साधा होता आणि नवा शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून दिलं जाणारं द्रव्य) देऊन केलेला. कॉन्ट्रास्टनं स्नायूची घनता थोडी वाढते. म्हणजे आकडा वाढायला हवा होता तिथं तो घसरला. खरी घसरण आठपेक्षा जास्तच असणार. एरवी साध्या आणि कॉन्ट्रास्टच्या स्कॅनमधल्या घनतेची तुलना मी करणार नाही, कोणी करूही नये. क्षेत्रफळाला मात्र हा फरक फारसा बाधत नाही.

७३० मिलिग्रॅम कुठून आले

स्नायू गेल्यानं अशक्तपणा येतो, जखम भरत नाही, शस्त्रक्रिया जड जाते, हे सगळं खरं आहे. पण या बाईंच्या बाबतीत त्यानं थेट औषधाच्या हिशेबात हात घातला.

कार्बोप्लॅटिनचा डोस थेट वजनावर किंवा अंगाच्या क्षेत्रफळावर ठरत नाही. ते औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगावर ठरतं. कॅल्व्हर्ट यांचं १९८९ चं सूत्र आहे: ठरवलेला एयूसी (रक्तात औषध किती आणि किती वेळ राहावं याचं माप) गुणिले (गाळण्याचा वेग अधिक २५). मूळ सूत्र बांधताना हा वेग किरणोत्सारी पदार्थ वापरून प्रत्यक्ष मोजला होता. आपण रोजच्या कामात तो मोजत नाही, वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून अंदाजतो, तेही कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या १९७६ च्या सूत्रानं. ते सूत्र २४९ रुग्णांवरून काढलं, आणि ते जवळजवळ सगळे पुरुष होते. स्त्रियांसाठी ०.८५ नं गुणायचं हे गृहीतक म्हणून जोडलं.

आता हिशेब मांडू. वय ५६, वजन ६१, क्रिएटिनिन ०.५. वेग येतो मिनिटाला १२१ मिली. एयूसी ५ धरला तर डोस ७३० मिग्रॅ. पहिल्या सायकलला हाच दिला होता. आकडेमोडीत कुठंही चूक नाही. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१० साली सुचवल्याप्रमाणे हा वेग १२५ च्या वर धरायचा नाही अशी मर्यादा वापरतात. १२१ त्या मर्यादेच्या जेमतेम खालून निसटला.

क्रिएटिनिन येतं कुठून? स्नायूंतून. स्नायूतलं क्रिएटिन मोडून ते रोज थोडं थोडं तयार होतं. मूत्रपिंड चांगलं असेल तर क्रिएटिनिन कमी असतं हे आपण सगळे शिकलो. स्नायूच उरला नाही तरीही ते कमी असतं, हे मात्र धावपळीत विसरायला होतं. या बाईंचं ०.५ हे उत्तम मूत्रपिंडाचं लक्षण नव्हतं. ते आटलेल्या स्नायूंचं लक्षण होतं.

पाणी काढल्यावरचं वजन ५४.५ किलो धरलं आणि क्रिएटिनिन तेच ०.५ ठेवलं, तर डोस ६६५ येतो. म्हणजे ६५ मिग्रॅ निव्वळ पोटातल्या पाण्यापोटी वाढले होते. मग क्रिएटिनिनला खालची मर्यादा लावली. कृश रुग्णांत ते ०.७ किंवा ०.८ च्या खाली धरायचं नाही असा नियम बऱ्याच केंद्रांत पाळतात. ०.७ धरल्यावर वेग ७७ आणि डोस ५११. म्हणजे स्नायूंच्या ऱ्हासापोटी आणखी १५४ मिग्रॅ. ७३० आणि ५११ मधलं अंतर २१९ मिग्रॅचं आहे.

कॅन्सरतज्ज्ञांनी इथं एक गोष्ट बजावली आणि ती मलाही पटते. डोस उगाच कमी करणं हाही गुन्हाच. अंडाशयाचा हा कर्करोग कार्बोप्लॅटिनला चांगला वळतो. भीतीपोटी डोस कापला तर बाईंच्या हातची संधी जाते. म्हणून एयूसी ५ चा ५ च ठेवला, फक्त त्यात घालायचे आकडे खरे घेतले. डीटीपीए स्कॅननं वेग प्रत्यक्ष मोजणं किंवा स्नायूंवर फारशी न विसंबणारी सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी करणं हे आणखी चांगलं झालं असतं. पण नुकत्याच तापातून उठलेल्या बाईला त्यासाठी पुन्हा प्रवासाला काढायची कोणाची तयारी नव्हती. पॅक्लिटॅक्सेल अंगाच्या क्षेत्रफळावर ठरतं. तिथं फरक किरकोळ पडला, २८० वरून २६५ मिग्रॅ.

स्नायू कमी असलेल्यांना औषध जास्त बाधतं हे फक्त कार्बोप्लॅटिनपुरतं नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ५-फ्लुरोयुरॅसिल घेणाऱ्या रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, प्राडो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्येच ते दाखवलं होतं. अंगाचं क्षेत्रफळ सारखं असलेल्या दोन बायकांत एकीकडे स्नायू दुसरीपेक्षा बराच कमी असू शकतो, आणि औषध पसरायला जागा कमी मिळते.

चूल आणि ओटा

आहारतज्ज्ञ बाईंनी तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं. सून जीव तोडून करत होती: साबुदाण्याची खीर, नारळपाणी, ग्लुकोज, घरची केळी, वरणाचं वरवरचं पाणी. भेटायला येणारा प्रत्येक जण आणखी केळीच घेऊन यायचा. केळं चांगलंच, पण एका केळ्यात प्रथिनं ग्रॅमभर, आणि साबुदाण्यात जवळजवळ नाहीतच. दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम प्रथिनं पोटात जात होती. युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशन संस्थेच्या मार्गदर्शनानुसार कर्करोगाच्या रुग्णाला किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं हवीत. ५४.५ किलोला १.२ ते १.५ नं ६५ ते ८२ ग्रॅम होतात. शिवाय जलोदराचं पाणी काढताना त्यासोबत प्रथिनंही बाहेर जातात, त्याची भरपाई वेगळीच.

घर शाकाहारी. अंडी सुचवायचीच नाहीत असं आहारतज्ज्ञांनी आधीच ठरवलं, आणि मला ते फार योग्य वाटतं. जे ताटात येणारच नाही ते चिठ्ठीवर लिहून काय उपयोग? त्यांनी खानदेशी स्वयंपाकघरातच शोधलं. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी होतीच, ती दुधात किंवा घट्ट वरणात कुस्करून. तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके, ते उकळलेल्या कढीत मऊ करून. बेसनाचे डुबुकवडे, तिखटाशिवाय. खिरीत साबुदाण्याऐवजी दाण्याचा बारीक कूट आणि दुधाची पावडर. घरी केलेलं ताजं पनीर. पोटात जागा नसायची म्हणून दर दोन तासांनी वाटीभर, आणि पाणी जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळेत. तोंड बरं होईपर्यंत हे सगळं मिक्सरमधून काढून.

भूक लागावी म्हणून कॅन्सरतज्ज्ञांनी रात्री २.५ मिग्रॅ ओलांझापिन सुरू केलं. पुद्दुचेरीच्या जिपमर संस्थेतल्या डॉक्टरांनी हे छोट्या डोसमध्ये तपासून २०२३ साली प्रसिद्ध केलं आहे. त्यात भूक आणि वजन दोन्ही सुधारलं. तो अभ्यास जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा होता, अंडाशयाचा नव्हे. आणि वाढलेलं वजन स्नायूचं असतंच असं नाही. तरी बाई अर्ध्या भाकरीवरून एकीवर आल्या, हे सुनेनं सांगितलं.

सगळ्यात जड गेलं ते हलवणं. खानदेशात आजारी माणसाला कामाला हात लावू न देणं ही माया समजली जाते. सून पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायची नाही. पण पडून राहिल्यावर स्नायू सर्वांत वेगानं झडतो, आणि नुसतं खाऊन तो परत येत नाही. त्याला ओढ लागते, भार लागतो. फिजिओथेरपिस्टनं खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, लवचीक पट्ट्यानं दंड ओढणं आणि ओट्यावरून सकाळ-संध्याकाळ फेऱ्या असं बसवून दिलं. खुर्चीवरून पाच वेळा उठायला बाईंना २१ सेकंद लागत होते. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषात १२ सेकंद किंवा जास्त म्हणजे कमकुवत. हाताची पकड १३ किलो. त्याच निकषांत स्त्रियांसाठी १८ च्या खाली ती कमी धरली आहे. मुलाला मी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवले. स्नायू लाल रंगात, पाणी निळ्या. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे मायला आम्ही निजवून निजवून आणखी वाळवलं.” मी त्याला सांगितलं की वाळवलं आजारानं, तुम्ही नाही. पण त्यानंतर घरात कोणी त्यांना “पडी ऱ्हाय” म्हटलं नाही.

तिसरा स्कॅन

दुसरी सायकल आठवडाभर उशिरा झाली, ५१० मिग्रॅनं. प्लेटलेट ८८,००० पर्यंत उतरल्या आणि आपोआप वर आल्या. ताप नाही. तिसरी वेळेवर. तीन सायकलनंतर सीए-१२५ ९६ वर आलं आणि सीटी झाला, आधीच्याच मशीनवर, त्याच पद्धतीनं कॉन्ट्रास्ट देऊन.

वजन होतं ५१ किलो. घरात पुन्हा घबराट: ६१ वरून ५१, दहा किलो गेले! गावात तर “आता काही खरं नाही” इथपर्यंत बोलणं पोचलं होतं. स्कॅननं उलट सांगितलं. पाणी जवळजवळ नाहीसं, गाठी बऱ्याच आक्रसलेल्या, आणि एल-३ ला स्नायू ८२ चौ. सेंमी. आधी ८४ होता. दोन चौरस सेंटिमीटरचा फरक मोजणीच्या चुकीच्या जवळपास आहे, म्हणून रिपोर्टमध्ये मी ‘स्थिर’ असंच लिहिलं. घनता ३१. मधले नऊ दिवस अंथरुणात आणि एक भयंकर सायकल जमेस धरली तर हे स्थिर राहणं मला मोठं वाटतं. उठण्या-बसण्याची वेळ २१ वरून १५ सेकंदांवर आली, पकड १६ किलोवर. स्नायूचं क्षेत्रफळ वाढलं नाही आणि ताकद वाढली, हे मला पहिल्यांदा खटकलं. पण ताकद नुसत्या आकारावर ठरत नाही, आणि पोटातलं ओझं उतरलेली बाई खुर्चीतून लवकर उठणारच.

यातलं किती श्रेय फुणक्यांचं, किती व्यायामाचं, किती आजार आटोक्यात आल्याचं? एका रुग्णावरून ते वेगळं काढता येत नाही, आणि मी काढणारही नाही. आजार मागे हटला की स्नायू झडायचा वेग आपोआप कमी होतो. ठामपणे एवढंच म्हणता येतं की योग्य डोसमुळे पुढच्या दोन्ही सायकल पुऱ्या झाल्या, आणि बाई शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत स्वतःच्या पायांनी गेल्या. शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाली. जखम वेळेत भरली. उरलेल्या तीन सायकल चोपड्याहून जा-ये करूनच पूर्ण झाल्या.

आमच्या रिपोर्टमध्ये काय बदललं

कॅन्सरच्या रुग्णाच्या पोटाच्या सीटीत आता आम्ही शेवटी एक ओळ घालतो: एल-३ स्नायू क्षेत्रफळ, उंचीनुसार निर्देशांक, सरासरी घनता, कॉन्ट्रास्ट होता की नाही, आणि जुना स्कॅन उपलब्ध असेल तर त्याच्याशी टक्क्यांत फरक. जलोदर असेल तर ‘कड हातानं काढली’ असंही. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, रुग्णाला वेगळा पैसा लागत नाही आणि वेगळं रेडिएशनही नाही. निव्वळ स्नायू मोजण्यासाठी सीटी मात्र करू नये, त्याला आमचा सक्त विरोध आहे. ज्यांचा सीटी झालेलाच नाही त्यांच्यासाठी पोटरीचा घेर मोजायची टेप, पकड मापक आणि खुर्ची एवढं पुरेसं आहे. पेट-सीटी झाला असेल तर त्यातल्या साध्या सीटीवरही एल-३ मोजता येतो.

रिसेप्शनवरच्या मुलीला सांगून ठेवलंय की नाव नोंदवतानाच विचारायचं: “याआधी कोणताही सीटी? मुतखड्याचा, अपघाताचा, कसलाही?” लोक जुनी सीडी टाकून देतात किंवा मुलांना खेळायला देतात. कृपा करून देऊ नका. निरोगी असतानाचा तुमचा स्नायू किती होता हे जगात दुसरीकडे कुठंही नोंदलेलं नसतं.

मोठं काम पुढेच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारमधून आमच्याकडे येणाऱ्या कॅन्सरमध्ये तोंडाचेच फार असतात, गुटखा-तंबाखूची देणगी. त्यांचा पोटाचा सीटी होत नाही, मानेचा होतो. त्यांच्यासाठी मानेच्या तिसऱ्या मणक्याचा काप वापरायची पद्धत नेदरलँड्समधल्या स्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडली आहे: मानेमागचे स्नायू आणि दोन्ही बाजूंचा स्टर्नोक्लायडोमास्टॉइड हा मानेचा स्नायू मोजून एल-३ चा अंदाज बांधायचा. गाठ त्या स्नायूत शिरली असेल तर ती बाजू वगळून दुसरी बाजू दुप्पट धरावी लागते. तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, आणि सिसप्लॅटिन हे केमोचं औषध द्यायचंय, अशा रुग्णात हा आकडा कदाचित या बाईंपेक्षाही जास्त गरजेचा ठरेल. जुन्या मानेच्या स्कॅनवर आम्ही मोजणी सुरू केली आहे. खानदेशातल्या निरोगी माणसाच्या स्नायूची मर्यादा काय धरायची याचं उत्तर मिळायलाही इथलेच स्कॅन लागतील. मुतखड्याच्या आणि अपघाताच्या साध्या सीटींचा साठा त्यासाठी आमच्या सर्व्हरवर पडून आहे. नाव-गाव काढून टाकून आणि आचारसमितीची परवानगी घेऊन शेजारच्या केंद्रांनीही तो मोजावा. ज्यांना शिकायचंय त्यांच्यासोबत बसून मी शिकवायला तयार आहे.